मिररलेस घ्यायचाय? आधी माउंट ठरवा, मग बॉडी

अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकांची शेवटची ओळ, सगळं कार्यालय शांत, आणि त्या शांततेत माझ्या डीएसएलआरचा (आत हलणारा आरसा असलेल्या कॅमेऱ्याचा) खटाखट आवाज. वधूच्या आजींनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, पण पाहिलं. त्याच रात्री मी मिररलेसची, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्याची चौकशी सुरू केली.

पुढचे सहा महिने बॉड्यांची, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यांची तुलना करण्यात गेले. किती मेगापिक्सेल, सेकंदाला किती फ्रेम, व्हिडिओ किती के. आज मागे वळून पाहताना वाटतं की त्यातले पाच महिने वाया गेले, कारण खरा निर्णय बॉडीचा नव्हताच. बॉडी चार-पाच वर्षांत बदलते. माझी ७०-२०० मिमीची लेन्स अकरा वर्षं जुनी आहे आणि अजून कमावते आहे. तुम्ही ज्या माउंटमध्ये, म्हणजे लेन्स बॉडीला जोडणाऱ्या कड्याच्या ज्या पद्धतीत शिराल, त्यातच तुमच्या लेन्स, अॅडॅप्टर, फ्लॅशचे ट्रिगर, बॅटऱ्या आणि हाताच्या सवयी साठत जातील. तिथून बाहेर पडायचं तर सगळं निम्म्या किमतीत विकावं लागतं.

मी लग्नांचे फोटो काढते आणि सवड मिळेल त्या रविवारी पक्ष्यांच्या मागे जाते. त्यामुळे उदाहरणं त्याच दोन कामांतली आहेत. तुमचं काम वेगळं असलं तरी पायऱ्यांचा क्रम हाच ठेवा.

१. दुकानात जाण्याआधी स्वतःचे जुने फोटो उघडा

लाइटरूम वापरत असाल तर लायब्ररीतल्या मेटाडेटा फिल्टरमध्ये फोकल लेंग्थ (लेन्सचे मिलिमीटर; आकडा लहान तितकं दृश्य रुंद, मोठा तितकं लांबचं जवळ) निवडा. कोणत्या मिलिमीटरवर किती फोटो काढलेत त्याची यादी समोर येते. दुसरं सॉफ्टवेअर असेल तर गेल्या वर्षातली चार-पाच कामं उघडा आणि फोटोंची माहिती पाहून कागदावर रेघा मारत जा. तासाभराचं काम आहे.

माझी समजूत होती की मी ७०-२०० ची माणूस. यादीत निघालं की लग्नातले अर्ध्याहून जास्त फोटो ३५ ते ८५ मिमीच्या मधले आहेत, आणि २४ च्या आतले अगदी मोजके. म्हणजे ज्या महागड्या वाइड झूमसाठी मी पैसे साठवत होते, तिची मला गरजच नव्हती.

आता एका कागदावर तीन ओळी लिहा. पहिल्या ओळीत ज्या लेन्सशिवाय उद्याचं काम होणार नाही त्या. दुसरीत येत्या दोन वर्षांत घ्यायच्या. तिसरीत पैसे आले तर घ्यायच्या. माझा कागद असा होता: २४-१०५ किंवा तशीच एफ ४ झूम (एफचा आकडा लहान तितका लेन्समधून उजेड जास्त) आणि ८५ एफ १.८, मग ३५ एफ १.८, मग ६०० मिमीपर्यंत जाणारी पक्ष्यांची लेन्स.

हा कागद पाकिटात ठेवा. पुढच्या प्रत्येक पायरीला तो लागणार आहे.

२. माउंट म्हणजे नेमकं काय, ते समजून घ्या

लेन्स आणि बॉडी जोडणारं धातूचं कडं म्हणजे माउंट. त्यात तीन गोष्टी येतात: कड्याचा व्यास, कड्यापासून सेन्सरपर्यंतचं (चित्र टिपणाऱ्या पाटीपर्यंतचं) अंतर (याला फ्लँज अंतर म्हणतात) आणि लेन्स-बॉडीचं बोलणं घडवणारे विजेचे काँटॅक्ट.

डीएसएलआरमध्ये लेन्स आणि सेन्सर यांच्यामध्ये आरसा हलायचा, म्हणून तेवढी जागा मोकळी सोडावीच लागायची. १९५९ च्या निकॉन एफ माउंटमध्ये हे अंतर ४६.५ मिमी, तर १९८७ च्या कॅनन ईएफमध्ये ४४ मिमी. मिररलेसमध्ये आरसा गेला आणि अंतर घटलं: निकॉन झेड १६ मिमी, सोनी ई १८ मिमी, कॅनन आरएफ आणि एल माउंट २० मिमी, फुजीफिल्म एक्स १७.७ मिमी.

या आकड्यांचा तुम्हाला फायदा दोन ठिकाणी. लेन्सची मागची काच सेन्सरच्या जवळ नेता येते, म्हणून वाइड लेन्स कोपऱ्यांपर्यंत धारदार बनवणं सोपं जातं. आणि जुनी लेन्स नव्या बॉडीवर बसवायला मध्ये जागा उरते. ४४ मधून २० वजा केले की राहतात २४ मिमी. कॅननचा ईएफ लेन्स आरएफ बॉडीवर बसवणारा अॅडॅप्टर बरोबर तेवढ्याच लांबीचा असतो, आणि त्यात काच नसते. पोकळ नळी आणि काँटॅक्ट, बस्स. निकॉनच्या एफटीझेड अॅडॅप्टरमागचं गणितही हेच: ४६.५ मधून १६ गेले, ३०.५ मिमी राहिले.

उलट प्रवास होत नाही. मिररलेसची लेन्स डीएसएलआरवर लावून चालवता येत नाही. घरात दोन्ही बॉड्या ठेवणार असाल तर हे आत्ताच लक्षात घ्या.

व्यासाबद्दल दुकानात बरंच ऐकवलं जातं. निकॉन झेडचा ५५ मिमी, कॅनन आरएफचा ५४, एल माउंटचा ५१.६, सोनी ईचा ४६.१. मोठ्या व्यासामुळे लेन्स बनवणाऱ्याला मोकळीक मिळते हे खरं. पण यांतलं सर्वांत लहान कडं असलेल्या सोनी ईमध्येही एफ १.२ च्या उत्तम लेन्स आहेत. या एका आकड्यावर निर्णय घेऊ नका.

३. माउंट जिवंत आहे का ते तपासा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, म्हणून इथे जरा थांबते.

सेकंडहँड बाजारात खूप स्वस्त, छोटे, देखणे मिररलेस कॅमेरे दिसतात. त्यातले बरेच बंद पडलेल्या माउंटचे असतात. निकॉनने २०११ मध्ये निकॉन १ मालिका आणली आणि २०१८ मध्ये ती बंद झाली. सॅमसंगची एनएक्स मालिका २०१० ची, कंपनी त्या धंद्यातूनच बाहेर पडली. कॅननचा ईएफ-एम माउंट २०१२ चा. त्याचे एम ५० सारखे कॅमेरे आपल्याकडे व्लॉगवाल्यांनी भरपूर घेतले, पण २०२२ मध्ये कॅननने आर ७ आणि आर १० हे क्रॉप (लहान) सेन्सरचे कॅमेरे आरएफ माउंटवर आणले आणि ईएफ-एमचा रस्ता संपला. त्यात दुखरी गोष्ट ही की ईएफ-एम लेन्स आरएफ बॉडीवर बसत नाही. दोन माउंटच्या अंतरात जेमतेम दोन मिलिमीटरचा फरक, आणि तोही उलट्या बाजूने.

हे कॅमेरे वाईट नाहीत. घरगुती फोटोंसाठी, पोरांच्या सहलीसाठी कमी पैशात मिळत असेल तर खुशाल घ्या. पण शिकून पुढे व्यवसाय करायचा असेल तर अशा माउंटमध्ये पहिला रुपयाही घालू नका.

आता चालू असलेल्या घरांकडे या.

सोनी ई: २०१० पासून, आणि २०१३ च्या ए ७ पासून त्यात फुल फ्रेम (मोठा सेन्सर). सोनीने माउंटची माहिती इतर लेन्स कंपन्यांना लवकर खुली केली. सिग्मा आणि टॅमरॉनच्या लेन्सची रांग इथे सर्वांत लांब आहे आणि सेकंडहँड मालही मुबलक मिळतो. बजेट घट्ट असेल तर हा मोठाच आधार आहे.

निकॉन झेड: ऑगस्ट २०१८ मध्ये जाहीर झाला. निकॉनच्या स्वतःच्या एफ १.८ प्राइम (झूम न होणाऱ्या लेन्स) फार चांगल्या आहेत, पण जुन्या एफ माउंटच्या ५० एफ १.८ च्या मानाने झेडची ५० एफ १.८ मोठी आणि महाग. जुन्या किमतीची सवय असलेल्याला पहिल्यांदा धक्का बसतो. त्यांनी ४० एफ २ पाहावी. टॅमरॉन आणि सिग्माच्या काही लेन्स इथेही मिळतात.

कॅनन आरएफ: हाही २०१८ चा. बॉड्या सुंदर, ऑटोफोकस भरवशाचा, जुन्या ईएफ लेन्स अॅडॅप्टरवर उत्तम चालतात. मात्र बाहेरच्या कंपन्यांना कॅननने बराच काळ दार बंद ठेवलं. २०२४ मध्ये सिग्मा आणि टॅमरॉनच्या लेन्स जाहीर झाल्या त्या क्रॉप सेन्सरसाठी. फुल फ्रेमसाठी घ्यायच्या दिवशी बाजारात काय आहे ते पाहूनच पुढे जा.

एल माउंट: लायका, पॅनासोनिक आणि सिग्मा यांनी २०१८ मध्ये युती केली. व्हिडिओचं काम करणाऱ्यांनी नक्की पाहावा. फुजीफिल्म एक्स: २०१२ पासून, फक्त क्रॉप सेन्सरसाठी बनलेला, म्हणून लेन्स खरोखर लहान. मायक्रो फोर थर्ड्स: ऑलिंपस आणि पॅनासोनिक यांनी २००८ मध्ये आणला. सेन्सर आणखी लहान, १७.३ बाय १३ मिमी, आणि पाठीवर सामान घेऊन डोंगर चढणाऱ्यांचा लाडका.

पाकिटातला कागद काढा. पहिल्या ओळीतल्या सगळ्या लेन्स तुमच्या बजेटमध्ये, आज, दुकानात मिळतात का? नसतील तर ते माउंट तुमच्यासाठी नाही, बॉडी कितीही आवडली तरी.

सापळा: "ती लेन्स येणारच आहे." लेन्सचे आराखडे पुढे ढकलले जातात आणि कधीकधी गुपचूप गाळलेही जातात. जी लेन्स आज हातात घेता येत नाही, ती यादीत धरू नका.

पक्ष्यांचं उदाहरण देते. भिगवणला होडीतून रोहित टिपायचे तर ४०० मिमीच्या पुढे जावंच लागतं. सोनीत २००-६०० आहे, निकॉन झेडमध्ये १८०-६००, कॅननमध्ये १००-५०० आणि २००-८००, फुजीमध्ये १५०-६००. पहिली दोन ६०० ला एफ ६.३ वर थांबतात. कॅननची २००-८०० शेवटच्या टोकाला एफ ९ होते. सकाळी सहा-साडेसहाच्या कोवळ्या उजेडात हा फरक आयएसओमध्ये (सेन्सरच्या उजेड टिपण्याच्या संवेदनशीलतेत) सरळ दुप्पट दिसतो. पण लांब बसलेल्या पक्ष्यासाठी ८०० ची पोचही कामाची. यात बरोबर-चूक काही नाही. तुम्ही कुठल्या वेळी आणि किती लांबून टिपता, एवढंच बघायचं.

४. सेन्सरचा आकार ठरवा

फुल फ्रेम म्हणजे ३६ बाय २४ मिमी. क्रॉप म्हणजे एपीएस-सी, साधारण २३.५ बाय १५.६; कॅननचा किंचित लहान. क्रॉपवर ४०० मिमीची लेन्स ६०० इतकी जवळ दाखवते. त्यामुळे पक्षी आणि क्रिकेटचे सामने टिपणाऱ्यांना क्रॉप स्वस्तात पडतो. कार्यालयातल्या मंद उजेडात रात्री अकराची वरात टिपणाऱ्याने फुल फ्रेम घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आज क्रॉप आणि दोन वर्षांनी फुल फ्रेम असा विचार असेल तर दोन्ही आकार एकाच कड्यावर चालणारं माउंट निवडा. सोनी ई, निकॉन झेड, कॅनन आरएफ आणि एल माउंटवर ते चालतं. मात्र क्रॉपची लेन्स फुल फ्रेमवर लावली की कॅमेरा मधलाच भाग वापरतो आणि २४ मेगापिक्सेलचे दहा-अकराच उरतात. म्हणून पुढे जायचा बेत पक्का असेल तर पहिल्यापासून फुल फ्रेमच्या एक-दोन प्राइम घ्या.

५. जुन्या लेन्सचं काय करायचं?

प्रत्येक लेन्स वेगवेगळी तपासा. "अॅडॅप्टर लावला की चालतं" हे वाक्य अर्धं खरं आहे.

कॅनन ईएफ आणि ईएफ-एस लेन्समध्ये फोकसची मोटर लेन्समध्येच असते, त्यामुळे कॅननच्या अॅडॅप्टरवर त्या आरएफ बॉडीवर ऑटोफोकससह चालतात. निकॉनमध्ये दोन जाती आहेत. एएफ-एस आणि एएफ-पी लेन्समध्ये मोटर आहे, त्या एफटीझेडवर फोकस करतात. जुन्या एएफ आणि एएफ-डी लेन्स बॉडीतल्या मोटरने फिरायच्या. एफटीझेडमध्ये मोटर नाही, म्हणून त्या हातानेच फोकस कराव्या लागतात. आपल्याकडे ५० एफ १.८ डी घराघरात आहे. ती तुमच्याकडे असेल तर तिच्या भरवशावर हिशेब मांडू नका. लेन्सच्या नावात एएफ-एस किंवा एएफ-पी आहे का, ते आत्ताच वाचून घ्या.

वडिलांच्या काळातल्या हाताने फोकस करायच्या लेन्स मात्र मिररलेसवर नव्याने जगतात. व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावून पाहायच्या खिडकीत) चित्र मोठं करून पाहता येतं. फोकस पीकिंग चालू केलं की फोकसमधल्या कडा रंगीत चमकतात. शांतपणे पोर्ट्रेट काढताना यासारखा आनंद नाही.

सापळा: अगदी स्वस्त अॅडॅप्टर. मी ऑनलाइन असा एक मागवला होता. लेन्स बसली, फोटोही आले. पण फोटो उघडले तर उजवी कड नेहमी किंचित मऊ. दोन आठवडे मी लेन्सला दोष देत राहिले. शेवटी लेन्सची पुढची कड हलक्या हाताने वर-खाली हलवून पाहिली, तर ती केसभर हलत होती. एवढ्याशा ढिलेपणानेही लेन्स तिरकी बसते. व्यवसायाच्या कामाला बॉडी बनवणाऱ्या कंपनीचाच अॅडॅप्टर घ्या. आणि जड टेलि लेन्स लावली असेल तर हात नेहमी लेन्सखाली ठेवा, सगळं वजन अॅडॅप्टरवर टांगू नका.

६. दुकानात जाताना हे सोबत न्या

- स्वतःचं रिकामं मेमरी कार्ड, घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर फोटो पाहण्यासाठी
- तुमच्या दोन-तीन जुन्या लेन्स
- तुमचा फ्लॅश आणि ट्रिगर
- छोटी टॉर्च
- लेन्स पुसायचं कापड आणि ब्लोअर
- पाकिटातला तो कागद

मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजाराच्या भागात कॅमेऱ्याची दुकानं एकमेकांना लागून आहेत. बाहेरगावहून जाणार असाल तर आठवड्यातला मधला दिवस धरा. शनिवारी कोणाला तुमच्यापाशी अर्धा तास उभं राहायला सवड नसते.

आता तपासण्या.

पहिली, पंख्याची. दुकानातला फिरता पंखा इलेक्ट्रॉनिक शटरवर (पडदा न हलवता, आवाज न करता फोटो टिपण्याची सोय) टिपा. पाती केळीच्या पानासारखी वाकलेली दिसली तर सेन्सर हळू वाचला जातोय. तो एकेक ओळ करत वरून खाली वाचला जातो आणि तेवढ्यात पातं पुढे सरकतं. वेगवान स्टॅक्ड सेन्सरवर पाती जवळजवळ सरळ येतात. निकॉन झेड ९ मध्ये तर २०२१ मध्ये यांत्रिक शटरच काढून टाकलं, इतका तो सेन्सर वेगवान आहे. पण ती किंमतही तशीच आहे.

दुसरी, दिव्यांची. ही लग्नवाल्यांनी कोणत्याही परिस्थितीत टाळू नका. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. इलेक्ट्रॉनिक शटर १/५०० ला ठेवून दुकानातल्या दिव्याखाली माणसाचा चेहरा टिपा. मग १/१०० ला, मग १/५० ला. पहिल्या फोटोत आडवे पट्टे दिसतील आणि पुढच्या दोनमध्ये जातील.

माझ्या पहिल्याच मिररलेस लग्नात मी आवाजाच्या भीतीने सगळं इलेक्ट्रॉनिक शटरवर टिपलं. हळदीचं ऊन होतं तोवर काही कळलं नाही. संध्याकाळी स्टेजवर एलईडीची रोषणाई लागली आणि नवरीच्या शालूवर, गालावर, नथीच्या बरोबर खालून फिकट-गडद आडव्या पट्ट्या उमटल्या. मागच्या छोट्या स्क्रीनवर त्या दिसतच नव्हत्या. घरी मोठ्या स्क्रीनवर दिसल्या. चाळीसेक फोटो द्यायच्या लायकीचे राहिले नाहीत आणि मी त्या कुटुंबाला फोन करून तसं सांगितलं. तेव्हापासून माझा नियम: मंगलाष्टकांना, कन्यादानाला इलेक्ट्रॉनिक शटर, तेही १/१०० ला, आणि आधी एक फोटो मोठा करून पाहून. स्टेजवर यांत्रिक शटर. स्टेजच्या रंगीत एलईडींचा लय वेगळाच असतो, तिथे १/१०० सुद्धा पुरेलच असं नाही.

तिसरी, हाताची. सर्वांत जड लेन्स लावून दहा मिनिटं कॅमेरा डोळ्याला लावून उभ्या राहा, उभे राहा. करंगळी बॉडीखाली लोंबकळते का? चष्मा असेल तर व्ह्यूफाइंडरचे चारही कोपरे दिसतात का? बटणं अंधारात बोटांनी ओळखू येतात का? वजनाचे आकडे कागदावर चांगले दिसतात, पण लहान बॉडी आणि दोन किलोची लेन्स ही जोडी मनगटाला लवकर थकवते.

७. पैशांची विभागणी

एकूण बजेटच्या निम्म्याहून जास्त रक्कम बॉडीवर घालू नका. उरलेल्यातून लेन्स, आणि खालच्या तीन गोष्टी आधीच बाजूला काढा.

बॅटरी. मिररलेसची स्क्रीन किंवा व्ह्यूफाइंडर सतत चालू असतो. निकॉनच्या डी ७५० ची अधिकृत मोजणी एका चार्जिंगमध्ये १२३० फोटोंची होती, मिररलेस झेड ६ ची ३१० ची. प्रत्यक्षात भराभर टिपताना यापेक्षा बरेच जास्त निघतात, तरी पूर्ण दिवसाच्या लग्नाला तीन बॅटऱ्या लागतातच. कंपनीच्याच घ्या.

कार्ड. काही बॉड्यांना साधं एसडी चालतं, काहींना सीएफएक्सप्रेस लागतं, आणि कॅमेऱ्यांत त्याचेही टाइप ए आणि टाइप बी असे दोन आकार येतात. ते एकमेकांच्या खाचेत बसत नाहीत. बॉडीच्या किमतीत कार्ड आणि रीडरची किंमत मिळवूनच तुलना करा. लग्नासाठी दोन खाचा असलेलीच बॉडी.

ट्रिगर. फ्लॅशचे टीटीएल (उजेड आपोआप ठरवणारे) ट्रिगर कंपनीनुसार वेगळे असतात. घर बदललं की ट्रिगरही बदलावा लागतो. दुकानात हे आपणहून कोणी सांगत नाही.

८. खरेदीच्या दिवशी: कागदपत्रं

- जीएसटीचं पक्कं बिल, बॉडी आणि लेन्स दोन्हींचे सीरियल नंबर लिहिलेलं
- दुकानाचा शिक्का आणि तारीख असलेलं वॉरंटी कार्ड, किंवा ऑनलाइन नोंदणी झाल्याचा पुरावा
- हप्त्यांवर घेत असाल तर पॅन, आधार आणि बँकेचे तपशील
- व्यवसायाचा जीएसटी क्रमांक असेल तर तो बिलावर. मागाहून घालणं कटकटीचं होतं

खोक्यावरचा, बॉडीवरचा आणि बिलावरचा सीरियल नंबर तिथेच उभं राहून जुळवा. "बिलाशिवाय घेतलं तर इतके हजार कमी" असं कोणी म्हणालं तर तो माल बहुधा परस्पर बाहेरून आलेला असतो. इथलं सर्व्हिस सेंटर अशा मालाची वॉरंटी मानत नाही. विम्याचा दावा करतानाही बिल लागतंच.

परदेशातून भाऊ किंवा मावशी कॅमेरा आणणार असतील तर दोन गोष्टी आधी विचारा: त्या देशातली वॉरंटी भारतात चालते का, आणि विमानतळावर सीमाशुल्क किती बसेल. दोन्ही धरून हिशेब केला की फरक बऱ्याचदा उरत नाही. उलट, तुम्ही इथला महाग कॅमेरा घेऊन परदेशात कामाला जात असाल तर निघताना विमानतळावर कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्या, म्हणजे परतताना तो तिकडे घेतला असा संशय येत नाही. त्यासाठी थोडं लवकर पोचा.

सेकंडहँड घेताना: लेन्सच्या मागून टॉर्च मारा आणि पुढून तिरकं पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी आहे. सौदा तिथेच थांबवा, कोकणातून आलेली लेन्स असेल तर दोनदा पाहा. एफ १६ वर पांढऱ्या भिंतीचा, फोकस मुद्दाम बिघडवून फोटो काढा, सेन्सरवरचे डाग दिसतात. काँटॅक्टवर हिरवट थर नको. शटर काउंट, म्हणजे आजवर शटर किती वेळा उडालंय तो आकडा विचारा, पण हे ध्यानात ठेवा की बऱ्याच बॉड्यांत तो आकडा यांत्रिक शटरचाच असतो.

९. पहिला महिना

पहिल्या दिवशी फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा. कॅमेऱ्याचा, आणि लेन्स-अॅडॅप्टरचा असेल तर त्यांचाही.

दुसऱ्या दिवशी एक रॉ फाइल (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) तुमच्या कॉम्प्युटरवर उघडून पाहा. जुन्या लाइटरूमला नव्या कॅमेऱ्याची रॉ फाइल ओळखता येत नाही. अडलंच तर अडोबीचा मोफत डीएनजी कन्व्हर्टर कामी येतो. हे लग्नाच्या दुसऱ्या दिवशी कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

फ्लॅश लावून हॉलमध्ये किंवा स्टुडिओत काम करताना व्ह्यूफाइंडर एकदम काळा झाला तर घाबरू नका. कॅमेरा सेटिंगनुसार उजेड दाखवतोय, त्याला फ्लॅश येणार आहे हे माहीत नाही. मेनूत एक्स्पोजर प्रिव्ह्यू बंद करण्याची सोय असते. ते कुठे आहे हे पाठ करा आणि एखाद्या बटणावर बसवून ठेवा. नव्या माणसांचे मला सर्वाधिक फोन याचसाठी येतात.

लेन्स बदलताना कॅमेरा बंद करा आणि तोंड जमिनीकडे ठेवा. आरसा नसल्यामुळे सेन्सर थेट उघडा पडतो. काही बॉड्यांत बंद केल्यावर शटरचा पडदा खाली येईल अशी सोय आहे, असेल तर चालू करा. भंडाऱ्यात आणि गुलालात लेन्स बदलायची नाही. जेजुरीला जाताना मी घरूनच दोन बॉड्यांना दोन लेन्स लावून निघते.

वारीत टिपायला जाणार असाल तर बॉडीबरोबर लेन्सच्या मागच्या कड्यावरची काळी रबरी पट्टी आहे का ते पाहा. बऱ्याच किट लेन्सवर ती नसते, आणि पाणी तिथूनच आत शिरतं. एसी गाडीतून दमट हवेत उतरलात तर वीस-पंचवीस मिनिटं कॅमेरा बॅगेतच बंद राहू द्या, नाहीतर काचेवर वाफ धरते. पावसाळ्यात सामान ४० ते ५० टक्के आर्द्रतेच्या ड्राय कॅबिनेटमध्ये ठेवा. तेवढं बजेट नसेल तर हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आर्द्रता मोजणारं छोटं मीटर. जेलचे दाणे रंग बदलले की तापवून पुन्हा वापरता येतात. चामड्याच्या केसमध्ये लेन्स महिनोन्महिने ठेवू नका, बुरशीला ती जागा फार आवडते.

१०. जुना डीएसएलआर लगेच विकू नका

एक लग्नसराई दोन्ही सोबत न्या. नवा कॅमेरा मुख्य, जुना बॅगेत. नव्याची बटणं बोटांत बसायला मला तीन महिने लागले, आणि त्या काळात दोनदा जुन्यानेच काम तारलं. मग विकायला काढताना आधी ज्या लेन्स अॅडॅप्टरवर नीट चालत नाहीत त्या काढा, मग जुनी बॉडी, आणि अॅडॅप्टरवर उत्तम चालणारी टेलि अगदी शेवटी, तिच्या जागेची नवी लेन्स हातात आल्यावर. विकताना मूळ बिल, खोकं, चार्जर आणि गळ्यातला पट्टा एकत्र द्या. कार्ड काढून घ्या, कॅमेरा फॅक्टरी सेटिंगवर आणा, आणि फोटोंच्या माहितीत कॉपीराइट म्हणून भरलेलं तुमचं नाव आहे का ते मेनूत जाऊन पुसा.